आंब्यावरील आमरी : बांडगूळ नव्हे

आमच्या कृषिबंधूंपैकी ज्यांची जमीन मावळ, मुळशी अथवा भोर ह्या डोंगरी तालुक्यांत आहे, त्यांनी आपल्या बांधावरील जुन्या आंब्याच्या, जांभळीच्या किंवा ऐनाच्या फांद्यांवर बारीक कांड्यांचे जुडगे चिकटलेले पुष्कळ वेळा पाहिले असेल. पावसाळ्यात त्या कांड्यांस हिरवी पाने असतात. हिवाळ्यात पाने गळून जातात व वाळल्यासारख्या दिसणाऱ्या नुसत्या कांड्या उरतात. पुढे माघ-फाल्गुनाच्या सुमारास त्याच निष्पर्ण कांड्यांच्या शेंड्यावर पांढऱ्या फुलांचे घोस येतात. ही वनस्पती झाडास अपायकारक आहे काय, ती तोडावी की राखावी, असा प्रश्न आम्हांस आजवर अनेकांनी केला आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे आहे; परंतु नुसत्या उत्तराने मनुष्याची खात्री होत नाही, म्हणून ह्या वनस्पतीची जात, गोत व हिचा जगातील विस्तार ह्यांविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचे योजिले आहे.

विषयास हात घालण्यापूर्वी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. महसुली नोकरीत असता मुळशीच्या पश्चिम भागातील एका गावी झाडांची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले होते. जमीन संपादनात जावयाची होती आणि प्रत्येक फळझाडाचे वय, घेर व स्थिती लिहावयाची होती. एका वृद्ध खातेदाराच्या बांधावर मोठा रायवळ आंबा होता. त्याच्या फांद्यांवर जागजागी असे जुडगे दिसले. आम्ही शेऱ्याच्या रकान्यात "बांडगुळाने ग्रस्त" असे लिहिले. तो खातेदार म्हणाला, "भाऊसाहेब, बांडगूळ नव्हं ते. शिमग्याच्या आधी फुलतंय, अन् आंब्याचं काही खात न्हाई. माझ्या आज्यापासनं हाय." आम्ही त्याचे बोलणे मोबदल्याच्या लोभाचे समजलो व शेरा तसाच ठेवला. झाड रोगट ठरून त्याची किंमत कमी धरली गेली. पुढे काही वर्षांनी खरे काय ते आम्हांस समजले, परंतु तोपर्यंत यादी मंजूर होऊन गेली होती व तो गृहस्थही हयात नव्हता. एका चुकीच्या नावाने एका कुणब्याचे नुकसान झाले, आणि ते आमच्या लेखणीने झाले. तेव्हापासून वनस्पतीचे नाव बरोबर लिहिणे हे पंडितांचेच काम आहे असे आम्ही मानीत नाही.

बांडगूळ व आमरी ह्यांतील भेद

बांडगूळ ही खरी परोपजीवी वनस्पती होय. तिची फळे चिकट असतात. फुलटोच्यासारखे लहान पक्षी ती फळे खातात व बी फांदीवर टाकतात. ते बी तेथेच रुजते, आणि त्याचे मूळ सालीखाली शिरून लाकडास भिडते. झाडाने जमिनीतून ओढलेले पाणी व त्यातील क्षार ते मूळ शोषून घेते. अन्न तयार करण्यास बांडगुळास स्वतःची हिरवी पाने असतात. परंतु पाणी मात्र सर्वस्वी परक्याचे. म्हणून बांडगूळ जेथे चिकटते तेथे फांदीस गाठ येते आणि गाठीपुढील फांदी हळूहळू सुकते. ह्यास उपाय एकच : बांडगूळ फळावर येण्यापूर्वी, गाठीच्या बरेच खाली निरोगी लाकडात फांदी छाटणे. नुसते बांडगूळ ओरबाडले तर सालीखालील मुळातून ते पुन्हा फुटते.

आमरीची गोष्ट निराळी आहे. मराठी वनस्पतिग्रंथांत ज्या कुलास आमर कुल म्हणतात, व इंग्रजीवरून आलेला ऑर्किड हा शब्द आता ज्याच्यासाठी सर्वत्र रूढ झाला आहे, त्या कुलातील ही वनस्पती. हिची मुळे सालीच्या वरूनच पसरतात, आत शिरत नाहीत. मुळांवर पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी, तसेच त्याबरोबर सालीवरून वाहून येणारी धूळ व कुजलेल्या पाल्याचा अंश हे आवरण टिपून घेते. ते पाणी कांड्यांत साठविले जाते. पाऊस सरला म्हणजे पाने टाकून देऊन वनस्पती आपला खर्च कमी करते व साठविलेल्या पाण्यावर आठ महिने काढते. झाडापासून ती फक्त बसावयास जागा घेते. धर्मशाळेत उतरलेला वाटसरू व घरात शिरलेला चोर ह्यांत जो भेद, तोच आमरी व बांडगूळ ह्यांत आहे.

परीक्षा अगदी सोपी आहे. वनस्पतीच्या बुडाशी बोट घालून पाहावे. मुळे सालीवर मोकळी दिसत असतील, त्यांखालची साल अखंड असेल व फांदीस गाठ नसेल, तर ती आमरी समजावी. बूड लाकडात मिसळून गेलेले असेल, पाने जाड, बारमाही हिरवी व फुले नळीसारखी असतील, तर ते बांडगूळ समजावे. एवढे मात्र खरे की वठलेल्या फांदीवर आमरीचा मोठा भार झाला तर वादळात ती फांदी लवकर मोडेल. पण ती फांदी आमरीने वठविलेली नसते.

डेंड्रोबियम म्हणजे कोण

आमर कुलाचा विस्तार अचंबा वाटावा इतका आहे. जगात ह्या कुलाच्या सुमारे २८,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत, व महाराष्ट्रातच शंभराहून अधिक सापडतात. त्यांतील कित्येक जमिनीवर, गवतात उगवतात. कासच्या पठारावर पावसाळ्यात अशा पुष्कळ दिसतात. झाडावर राहणाऱ्या आमरींतही अनेक वंश आहेत. आंब्यावर लांब, चामड्यासारख्या पानांची व पिवळट-तपकिरी फुलांची जी आमरी दिसते व जिला पुष्कळ ठिकाणी रास्ना म्हणतात, ती वांडा वंशातील. कांड्यांचे जुडगे असलेली आमची आमरी डेंड्रोबियम ह्या वंशातील आहे. ह्या एकट्या वंशात सुमारे १,५०० जाती मोडतात. आमर कुलातील सर्वांत मोठ्या वंशांत त्याची गणना होते.

वंश, जात हे शब्द शेतकऱ्यास परके वाटू नयेत. दप्तराच्या भाषेत बोलावयाचे तर कुल म्हणजे तालुका, वंश म्हणजे गाव, गावातील गट म्हणजे वंशातील विभाग, आणि जात म्हणजे खातेदार. खातेदारास जसे नाव व आडनाव, तसे प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे नाव : पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा.

हे गाव ओळखावे कसे? फूल हातात घेऊन पाहावे. आमरीच्या फुलास बाहेर तीन व आत तीन अशी सहा दळे असतात. आतील तिन्हींपैकी एक दळ इतर दोहोंहून निराळे असते. त्यास ओठ म्हणतात, व कीटकास बसण्याची ती ओसरी होय. पुंकेसर व स्त्रीकेसर वेगवेगळे नसून दोन्ही मिळून मध्यभागी एकच दांडा झालेला असतो. पराग सुटा, पिठासारखा नसून त्याचे लहान घट्ट गोळे असतात. हे झाले सर्व आमरींचे सामान्य लक्षण. डेंड्रोबियमची विशेष खूण अशी की परागाचे गोळे चार असतात, आणि बाहेरील दोन बाजूंची दळे मधल्या दांड्याच्या पायाशी जुळून फुलाच्या मागे हनुवटीसारखा फुगवटा होतो. आपल्या डोंगरांत एरिया नावाच्या वंशातील आमरीही असतात. त्या वरवर पाहता डेंड्रोबियमसारख्या भासतात. पण त्यांच्या परागाचे गोळे आठ असतात. भिंग घेऊन मोजले असता संशय उरत नाही.

आपल्या इकडील जाती

हिंदुस्थानात डेंड्रोबियमच्या शंभराच्या आसपास जाती आहेत. त्यांतील बहुतेक पूर्व हिमालयात व ईशान्येकडील प्रांतांत आहेत. आपल्या सह्याद्रीच्या वाट्यास थोड्याच आल्या आहेत, परंतु त्या परस्परांहून स्पष्ट निराळ्या आहेत.

पहिली, डेंड्रोबियम बार्बाट्युलम. आरंभी वर्णिलेली पांढऱ्या फुलांची ती हीच. ओठावर बारीक लव असते. त्या लवेवरूनच "इवल्या दाढीची" अशा अर्थाचे हे नाव १८३० साली जॉन लिंडले ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ठेविले. फुलांवर कधी कधी गुलाबी झाक असते. दुसरी, डेंड्रोबियम ओव्हाटम. कांड्या पाहून ही व पहिली ओळखणे कठीण. परंतु हिची फुले लहान, पिवळसर साईच्या रंगाची, व ओठ हिरवट असतो. हिचा बहर बहुधा पहिलीच्या आधी, थंडीतच येतो. तिसरी, डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन. ही दोनतीन बोटे उंचीची असून बुडाशी सुपारीएवढे किंवा त्याहून लहान कंद असतात. फुले आली नाहीत तर ही नजरेस पडतही नाही. चौथी, डेंड्रोबियम हर्बेसियम. हिच्या कांड्या बारीक, कठीण व फाटे फुटलेल्या असतात, आणि फुले अगदी लहान, हिरवट पांढरी असतात. पाचवी, डेंड्रोबियम मॅक्रोस्टॅकियम. हिच्या कांड्या फांदीवरून खाली लोंबतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पिवळट हिरवी, सुवासिक फुले येतात, व ओठाची कड झालरीसारखी कातरलेली असते.

सहावी जात दिसण्यात सर्वांत सुंदर. फुले मेणाची केल्यासारखी, पांढऱ्यावर गुलाबी छटेची, आणि ओठ मध्ये पिवळा. हिचे नाव लिंडलेने जॉन सदरलँड लॉ ह्यांच्यावरून डेंड्रोबियम लॉवियानम असे ठेविले. हे लॉसाहेब मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीत होते, आणि सरकारी काम सांभाळून त्यांनी वनस्पती गोळा केल्या. आमच्यासारख्या महसुली माणसास हे वाचून जितका अभिमान वाटला, तितकीच वर सांगितलेल्या शेऱ्याची लाजही वाटली. अलीकडे कित्येक विद्वान ह्या जातीस पूर्वेकडील डेंड्रोबियम क्रेपिडाटम ह्या जातीतच धरतात. ह्यांशिवाय मेबेली नावाची एक लहान जात आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक गॅमी ह्यांनी १९०५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातील कापसाच्या जातींचे वर्णन करणारे गॅमी ते हेच.

ह्या सर्वांस पाऊस व सावली लागते. घाटमाथ्यावर लोणावळ्यास वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पुण्यास सुमारे सातशे. अंतर फार नाही, पण पवनेच्या किंवा मुळेच्या काठाने पूर्वेकडे येऊ लागले म्हणजे झाडांवरील आमरी झपाट्याने विरळ होत जाते. आमच्या पुनावळ्याच्या शिवारात डेंड्रोबियम आपण होऊन आलेले आम्हांस कधी आढळले नाही. कोरड्या हवेत टिकणारी रास्ना तेवढी पाहिली आहे.

जगातील विस्तार

आपल्याकडील पाचसहा जाती पाहून ह्या वंशाची कल्पना करणे म्हणजे एका खात्यावरून गावाची आकारणी करणे होय. श्रीलंकेपासून हिमालय, चीन, जपान, ब्रह्मदेश, मलाया, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि प्रशांत महासागरातील बेटे एवढ्या प्रदेशात हा वंश पसरला आहे. आफ्रिकेत व अमेरिकेत मात्र तो मूळचा नाही. काही जाती बोटभर उंचीच्या, तर काही माणसाहून उंच. ऑस्ट्रेलियातील स्पेसिओसम ही जात उघड्या खडकावर उन्हात वाढते. न्यू गिनीच्या उंच, थंड पर्वतांवरील कथबर्टसोनिआय ही जात दोनतीन बोटे उंचीची, परंतु तिचे एकेक फूल कित्येक महिने टिकते. याउलट मलायातील क्रुमेनाटम ह्या जातीचे फूल एका दिवसात कोमेजते. आणि तिची रीत अशी की उन्हानंतर एकाएकी पाऊस पडून हवा थंड झाली म्हणजे सुमारे नवव्या दिवशी त्या टापूतील सर्व झाडे एकदम फुलतात. एकाच दिवशी सर्वांनी फुलावे म्हणजे परस्परांत परागसंयोग होण्यास अडचण पडत नाही. सिक्कीमचे राज्यपुष्प असलेले नोबिले हेही ह्याच वंशातील.

इतकी विविधता का झाली, ह्याचे कारण बरेचसे बियांत आहे. आमरीच्या एका बोंडात हजारो, कधी लाखो बिया असतात. त्या धुळीसारख्या असून वाऱ्याबरोबर दूर जातात. पण बीत अंकुरास पोसण्याइतका साठा नसतो. विशिष्ट बुरशीची गाठ पडली तरच बी रुजते, नाही तर मरते. हे बुरशीचे रहस्य नोएल बर्नार ह्या फ्रेंच संशोधकाने १८९९ साली उलगडले. म्हणून लाखो बियांतून एखाददुसरेच रोप उभे राहते, व तेही मनाजोगी साल, सावली व ओल मिळाली तर. प्रत्येक बेटावर, प्रत्येक डोंगरावर, प्रत्येक उंचीवर परिस्थिती वेगळी आणि फुलावर येणारा कीटकही वेगळा. अशाने कालांतराने जाती वेगळ्या पडत गेल्या.

नोंदी व फेरफार

एवढ्या मोठ्या गावाची नोंद एका दिवसात झालेली नाही. ओव्हाटम ह्या आपल्याच जातीचे उदाहरण घेऊ. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड ह्याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा मोठा ग्रंथ १६७८ ते १६९३ ह्या काळात छापविला. त्या कामी त्यास साहाय्य करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते; त्यांचे नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापले आहे. अखेरच्या खंडात ह्या आमरीचे चित्र आले. त्याच्या आधारे लिनियसने १७५३ साली तिला नाव दिले. परंतु त्या काळी झाडावरील बहुतेक आमरी एपिडेंड्रम, म्हणजे "झाडावरची", ह्या एकाच सदरात घालीत. पुढे १७९९ साली ओलोफ स्वार्ट्झ ह्या स्वीडिश विद्वानाने डेंड्रोबियम, म्हणजे "वृक्षावर जगणारी", हा वंश वेगळा काढला. तरीही आपली आमरी जुन्याच सदरात राहिली. मध्यंतरी लिंडलेने तिलाच "हिरव्या डोळ्याची" अशा अर्थाचे दुसरे नाव दिले, व मुंबई इलाख्याच्या जुन्या ग्रंथांत ती त्या नावाने आढळते. शेवटी १९१० साली क्रेंझलिन ह्या जर्मन विद्वानाने आधीचे नाव ग्राह्य धरून तिला डेंड्रोबियममध्ये आणले. एकाच खातेदाराची दोन नावांनी दोन ठिकाणी नोंद असावी व दीडशे वर्षांनी फेरफार मंजूर व्हावा, तशातलाच हा प्रकार. जे नाव आधी रीतसर प्रसिद्ध झाले ते कायम, हा शास्त्राचा नियम आहे.

आपल्या पंचक्रोशीचाही ह्या कामात वाटा आहे. आमच्या पवनेच्या काठाने खाली गेले असता मुळेच्या संगमानजीक दापोडी लागते. तेथे एके काळी सरकारी वनस्पतिउद्यान होते, व १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे अधीक्षक होते. त्यांनी एका हिंदी चित्रकाराकडून वनस्पतींची रंगीत चित्रे काढविली. ती आज एडिंबरोच्या उद्यानात जपून ठेविली आहेत. गिब्सन व डॅल्झेल ह्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ साली निघाला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक ह्यांचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि सांतापाव व कपाडिया ह्यांचे केवळ मुंबईकडील आमरींवरील पुस्तक १९६६ साली प्रसिद्ध झाले.

सबंध वंशाची मोजणी करण्याचा मोठा प्रयत्न रुडॉल्फ श्लेश्टर ह्या जर्मन विद्वानाने केला. न्यू गिनीच्या रानांत हिंडून, १९१२ साली त्याने डेंड्रोबियमचे चार मोठे भाग व त्यांत एकेचाळीस गट पाडले. कांडी कशी, पानाच्या बुडाचे वेष्टन कसे, फुले नव्या कांडीवर की जुन्या, ओठ कसा, ह्या खुणांवर ती विभागणी होती. ती इतकी विचारपूर्वक केली होती की तिचा पुष्कळ भाग आजही चालतो. परंतु दिसण्यावरून केलेल्या विभागणीत एक धोका असतो. सारख्या हवेत राहणारी परकी माणसेही सारखा पोशाख करतात, म्हणून ती सख्खी ठरत नाहीत. गेल्या चाळीसएक वर्षांत पेशीतील आनुवंशिक द्रव्य वाचून खरे नाते ठरविण्याची सोय झाली, आणि काही फेरफार करावे लागले. फ्लिकिंगेरिया नावाचा वंश १९६१ साली डेंड्रोबियमच्या आप्तांतून वेगळा धरला होता. एकविसाव्या शतकात नाते तपासता तो मूळ कुटुंबातच आहे असे दिसून आले व अनेकांनी तो पुन्हा डेंड्रोबियममध्ये धरला. वाटणीपत्र रद्द होऊन खाते पुन्हा एकत्र झाले म्हणावयाचे.

हा नावांचा खटाटोप व्यवहारात निरुपयोगी नाही. जीवंती ह्या औषधाचेच पाहा. आपल्याकडे ह्या नावाने डोडीचा वेल घेतात, तर बंगालकडे डेंड्रोबियमची एक जात घेतात. बाजारातील नावावर भिस्त ठेवून रानातील आमरी ओरबाडली तर औषध मिळेलच असे नाही, आमरी मात्र जाईल.

शेतकऱ्याने काय करावे

प्रथम, आमरी व बांडगूळ ह्यांची वर सांगितलेली परीक्षा केल्यावाचून कोयता लावू नये. दुसरे, आंब्याच्या खोडास मोरचूद व चुन्याचा लेप लावताना तो आमरीच्या मुळांवर येऊ देऊ नये. तांब्याचा अंश तिला मानवत नाही. तिसरे, जुनी खडबडीत साल असलेली झाडे राखावी. पेरू किंवा निलगिरीसारख्या साल टाकणाऱ्या झाडावर आमरी टिकत नाही. तिला आंबा, जांभूळ, ऐन, फणस अशी झाडे व त्यांवर साचलेली वर्षांची ओल लागते. नवे कलम लावून फळ पाचसहा वर्षांत मिळेल, पण आमरी बसावी अशी फांदी तयार होण्यास बराच अधिक काळ लागतो.

चौथे, वादळाने फांदी मोडली किंवा झाड तोडणे अटळ झाले, तर त्यावरील आमरी जळणात घालू नये. मुळे न तोडता सालीच्या तुकड्यासह ती काढावी, आणि मृगाच्या आधी दुसऱ्या जुन्या झाडाच्या फाट्यावर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा बाजूस, सुतळीने किंवा काथ्याने बांधावी. माती किंवा शेण घालू नये, मुळे कुजतात. पावसाळ्यात नवी मुळे सालीस चिकटली म्हणजे सुतळी आपोआप कुजून गेली तरी चालते. उभ्या रानातून मात्र आमरी आणू नये. रानातील आमरीचा देशोदेशींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित केलेला आहे, आणि रानातून तोडलेल्या बहुतेक आमरी घरी आणल्यावर मरतात, हा अनुभव आहे.

ज्यांना फुलांची लागवडच करावयाची आहे त्यांनी संकरित डेंड्रोबियमची रोपे घ्यावी. लुईस नडसन ह्या अमेरिकन संशोधकाने १९२२ साली बुरशीवाचून, साखर घातलेल्या पोषक द्रव्यावर आमरीचे बी रुजवून दाखविले, तेव्हापासून बाटलीत लाखो रोपे करणे शक्य झाले. थायलंडने ह्या फुलांचा मोठा व्यापार उभा केला आहे. सावलीच्या जाळीखाली, नारळाच्या सोडणांत व कोळशा-विटांच्या तुकड्यांत ही रोपे वाढतात. आरंभीचा खर्च बराच आहे व हवेतील ओलावा राखणे हे मुख्य काम आहे. म्हणून सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्राची माहिती वाचून, पदरी पाणी किती आहे हे पाहून मगच हात घालावा.

बांधावरील झाडांचे पुढे काय

आमच्या पुनावळ्याची स्थिती आता निराळी आहे. महसुली दप्तरात मुळशी तालुक्यातील हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. जेथे ज्वारी व भाजीपाला होता तेथे इमारती उभ्या आहेत, आणि आमच्या भावकीच्या गटातही मोजणीचे खुंट पडले आहेत. सात वर्षांपूर्वी मुळशीकडील आमच्या व्याह्यांच्या आंब्याची फांदी वळवाच्या वादळात मोडली. तिच्यावरील बार्बाट्युलमचे दोन जुडगे आणून आम्ही सामाईक बांधावरील आंब्यास बांधले. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात ओले फडके मारावे लागले. तिसऱ्या फाल्गुनात पाच फुले आली, आणि गेल्या फाल्गुनात घोस मोजता येईनात. आता तो बांधच जाणार आहे.

शहरी भागात झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते व झाडांची यादी द्यावी लागते. घरातील मंडळींनी ती यादी करण्याचे काम जुना कारकून म्हणून आमच्याकडेच दिले. आम्ही गट नंबर, झाडाचे नाव, घेर व उंची लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : "आंबा निरोगी. फांद्यांवर डेंड्रोबियम जातीची आमरी आहे, बांडगूळ नाही. झाड जागेवर राखावे; न राखता आल्यास आमरी काढून देण्यास मुदत मिळावी." भावकीतील तरुणांनी नकाशा पुन्हा पाहून मोटारी उभ्या करण्याची जागा दोन हात सरकविता येईल काय, अशी विचारणा केली आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.

ज्यांच्या गटांत अशी झाडे असतील त्या बंधूंस आमची विनंती एवढीच की यादी होण्यापूर्वी एकवार झाडाखाली उभे राहून वर पाहावे, आणि जे आहे त्याचेच नाव लिहावे.